उतरायचं कुठं?

"दादर?"

खच्चून भरलेल्या डब्यात मागून खांद्याला बोट लागतं आणि एवढा एकच शब्द कानाशी येतो. नवख्याला वाटतं, कुणी स्टेशनचं नाव विचारतंय. तो बिचारा मान वाकडी करून बाहेर बघतो आणि सांगतो, "नाही हो, हे भायखळा." मागच्याचा चेहरा पडतो. कारण त्यानं स्टेशन विचारलेलंच नसतं. तुम्ही दादरला उतरणार का, उतरणार असाल तर मी तुमच्या पाठीला चिकटून उभा राहतो, नसाल तर आत्ताच जागांची अदलाबदल करू, एवढा सगळा करारनामा त्या एका शब्दात असतो. पूर्ण वाक्य बोलायला तिथं हवा पुरत नाही.

माझं सगळं आयुष्य घाटकोपरात, पंतनगरच्या एका इमारतीत गेलं. घरी पाहुण्यांची वर्दळ कायमची. त्यामुळे मुंबईत कसं यायचं, हे मी फोनवर जितक्या वेळा समजावून सांगितलंय तितक्या वेळा शाळेत पाढेही म्हटले नसतील. इतक्या वर्षांत एक गोष्ट लक्षात आली. कुठल्याही शहरी जाणारा माणूस विचारतो, कसं जायचं? मुंबईत या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. गाडी आहे, बस आहे, बोट आहे, विमान आहे, आता जमिनीखालची मेट्रोही आहे. वाहनांचा तुटवडा नाही. इथं विचारायचा प्रश्न एकच: उतरायचं कुठं? आणि उतरल्यावर कुठल्या बाजूला?

गेल्या जानेवारीत बाबांची पंचाहत्तरी होती. कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी. कराडहून मामा, चौलहून आत्या, नागपूरहून मावसबहीण आणि बंगळुरूहून भाचा, असे चौघं चार वाटांनी येणार होते. चौघांनाही मी सविस्तर सूचना दिल्या होत्या. त्या सूचनांचं काय झालं, ते सांगतो.

मामांना सांगितलं होतं, एसटीनं या आणि मैत्री पार्कला उतरा. चेंबूरच्या शीव-ट्रॉम्बे रस्त्यावरचा हा थांबा. पुणे, सातारा, कोल्हापूरकडून येणाऱ्या गाड्या द्रुतगती मार्ग आणि वाशीचा पूल ओलांडून शहरात शिरल्या की मुंबईचा पहिला मोठा उतार तिथं होतो. पहाटे पाच वाजताही मैत्री पार्कला पिशव्या, बोचकी, झोपेतून उठवलेली पोरं आणि रिक्षांची रांग असते. तिथून आमचं घर रिक्षानं वीस मिनिटांवर. पण मामांचा एसटीवर राग आहे. तो गुडघ्यांमुळे. त्यांनी महालक्ष्मी एक्स्प्रेसचं आरक्षण केलं. ठीक आहे, म्हटलं, मग ठाण्याला उतरा. ठाण्याहून घाटकोपर जलद लोकलनं पाव तासाचं.

मामा ठाण्याला उतरले नाहीत. ते गाडीतच बसून राहिले आणि थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले. म्हणजे घाटकोपर खिडकीतून मागं गेलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि मग तेवढंच अंतर, वीसेक किलोमीटर, लोकलनं उलटे आले. का, विचारलं तर म्हणाले, "ठाण्याला गाडी किती मिनिटं थांबते? दोन? बॅग काढायलाच मला तीन लागतात. शेवटचं स्टेशन बरं. तिथं गाडीच पुढं जाऊ शकत नाही."

मी हसलो खरा, पण या विचारात खोट काढता येईना. अनोळखी शहरात शेवटचं स्टेशन चुकत नाही. मुंबईत येणाऱ्या कितीतरी लोकांनी पिढ्यान् पिढ्या हेच केलं असणार, आणि म्हणूनच बोरीबंदरच्या त्या दगडी इमारतीबद्दल गावाकडच्या माणसाला घराच्या उंबऱ्यासारखी ओढ वाटते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सनं आखलेली ही इमारत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात तिच्या नावानं ओळखली जाऊ लागली, १९९६ मध्ये नाव बदललं, २००४ मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारसा म्हटलं. मामा अजून 'व्हीटी'च म्हणतात. मी त्यांना एवढंच म्हणालो की १६ एप्रिल १८५३ ला याच बोरीबंदरहून सुटलेल्या पहिल्या आगगाडीतली झाडून सगळी मंडळी ठाण्यालाच उतरली होती, तुम्हाला काय हरकत होती? ते म्हणाले, त्यांच्याकडं सामान नसेल.

पण शेवटच्या स्टेशनावर उतरलं म्हणजे सुटलं, असं नाही. व्हीटीला बाहेरगावच्या गाड्या लागतात आठ नंबरपासून पुढं. लोकल एक ते सात. त्यातल्याही पहिल्या दोन हार्बरच्या. हार्बरच्या गाडीत बसलात तर घाटकोपर कधीच येणार नाही. कुर्ल्याला मुख्य मार्गाच्या शेजारी येऊन ती गाडी उजवीकडं वळते आणि तुम्हाला टिळकनगर, चेंबूर दाखवत पनवेलच्या दिशेनं नेते. मामा मुख्य मार्गाच्या प्लॅटफॉर्मवर नीट पोचले. तिथं इंडिकेटरवर इंग्रजी 'एस' दिसला. पूर्वी कुणीतरी त्यांना सांगून ठेवलं होतं की 'एस' म्हणजे स्लो. म्हणून त्यांनी ती गाडी सोडली. धीमी नको होती त्यांना.

ती कर्जत होती आणि जलद होती. मध्य रेल्वेच्या अक्षरांचं हे एक खास गौडबंगाल आहे. कल्याणचा 'के', ठाण्याचा 'टी', अंबरनाथचा 'ए', इथवर सरळ. पण कर्जतला 'एस' आणि कसाऱ्याला 'एन'. कल्याणला मार्ग फुटतो: एक फाटा आग्नेयेला बोर घाटाच्या पायथ्याशी कर्जतकडं, दुसरा ईशान्येला थळ घाटाच्या पायथ्याशी कसाऱ्याकडं. इंग्रजीतल्या दक्षिण आणि उत्तर या शब्दांची ती आद्याक्षरं. साहेब गेला, दिशा राहिल्या. आता त्याच पाटीवर पुढं आणखी एक अक्षर असतं, जलदला 'एफ' आणि धीमीला पुन्हा 'एस'. म्हणजे एकच अक्षर एका ठिकाणी गाव सांगतं आणि दोन इंच पलीकडं वेग सांगतं. रोज जाणाऱ्याला हे कळतं का? त्याला त्याचा पत्ताच नसतो. तो पाटी वाचत नाही. तो ९:१२ ची, ८:४७ ची अशी गाडी वेळेवरून ओळखतो, आणि डबा पायाखालच्या फरशीवरून.

डब्याचं हे प्रकरण थोडं विस्तारानं सांगायला हवं, कारण नवख्याची फसगत इथं सगळ्यात जास्त होते. बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरच्या पुढं जाते. घाटकोपरला तुम्ही चुकीच्या टोकाला उतरलात, तर योग्य पुलापर्यंत पोचेपर्यंत मागच्या गाडीचीही गर्दी अंगावर येते. म्हणून मुंबईकर चढतानाच उतरण्याचा पूल ठरवतो. "पुढून तिसरा डबा धर, दार पुलाखालीच येतं," असा सल्ला देणारा मित्र हा खरा मित्र. आणि मग पूर्व की पश्चिम? प्रत्येक स्टेशनाला रूळ मधोमध चिरतात आणि गावाची दोन गावं करतात. योग्य स्टेशनला उतरून चुकीच्या बाजूला बाहेर पडलेला पाहुणा हा आमच्या घरातला नेहमीचा विषय. रस्त्यानं पलीकडं यायचं तर वळसा मोठा. तो फोनवर सांगत असतो, "मी घाटकोपरलाच आहे." खोटं नसतं ते.

शहरात ही विद्या शास्त्रासारखी लिहून ठेवणारी एकच जमात आहे, डबेवाले. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या कामात डब्याच्या झाकणावर जे रंग, आकडे नि अक्षरं रंगवलेली असतात, त्यात गिऱ्हाइकाचं नाव नसतं. डबा कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, तिथं तो कुणी उचलायचा, कुठल्या इमारतीत कितव्या मजल्यावर न्यायचा, एवढंच. तो कुठल्या गाडीनं जावा, हे लिहिलेलं नसतं. ते लिहायची गरजही नाही. मालडब्यातून जो तो नेईलच. कोविडनंतर डबेवाल्यांची संख्या खूप रोडावली. झाकणावरची ती भाषा मात्र अजून या शहराचा सगळ्यात अचूक नकाशा आहे, असं मला वाटतं. पाहुण्यांच्या कपाळावर असं काही रंगवता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

*

नागपूरच्या मावसबहिणीचं तिकीट 'लोकमान्य टिळक टर्मिनस'चं होतं. तिला वाटलं, कुर्ला म्हणजे कुर्ला. गाडीतले सहप्रवासीही 'कुर्ला आलं, कुर्ला आलं' म्हणत होते. पण कुर्ला स्टेशन वेगळं आणि कुर्ला टर्मिनस वेगळं. लोकलच्या कुठल्याच स्टेशनाच्या दारात ते नाही. कुर्ला, विद्याविहार आणि हार्बरवरचं टिळकनगर यांच्या मध्ये ते वसलंय. सगळ्यात सोयीचं टिळकनगर, पण सामान घेऊन तिथवरची पायपीट कुणी सांगितल्याशिवाय सापडत नाही. वांद्रे टर्मिनसची तीच तऱ्हा. उत्तर हिंदुस्थानातून आलेला माणूस तिथं उतरतो आणि 'वांद्रे स्टेशन कुठंय' असं विचारत फिरतो. खार स्टेशनकडून एक लांबलचक पादचारी पूल तिथवर नेला, त्यानं थोडी सोय झाली. बाकी भार रिक्षावाल्यांवर.

आमच्या घरापासून हे टर्मिनस चार-पाच किलोमीटर. म्हणजे रिक्षासाठी सगळ्यात नकोसं अंतर. मीटर पाडला तर पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये (फेब्रुवारी २०२५ पासूनचा दर) आणि पुढं थोडेसे. बाहेरगावच्या गाडीच्या दारात उभा असलेला रिक्षावाला त्यापेक्षा मोठं स्वप्न बघत असतो. बहिणीला तिघांनी नाही म्हटलं, चौथ्यानं साडेतीनशे सांगितले. तिनं वऱ्हाडी ठसक्यात त्याला काय सुनावलं ते इथं छापता येणार नाही. शेवटी एक वयस्कर रिक्षावाला मीटरवर आणायला तयार झाला, कारण त्याला घरी जायचं होतं आणि त्याचं घर आमच्याच बाजूला होतं. मुंबईत रिक्षा मिळवण्याची ही खात्रीची युक्ती आहे. तुम्हाला कुठं जायचंय याला महत्त्व नसतं. त्याला कुठं जायचंय ते आधी ओळखायचं.

तरी बहिणीला रिक्षा मिळाली हेच नशीब. शीव आणि वांद्र्याच्या दक्षिणेला रिक्षांना बंदी. जुन्या शहरात फक्त काळी-पिवळी टॅक्सी, दीड किलोमीटरला ३१ रुपये. तिच्यातली ती गोलसर प्रीमियर पद्मिनी मात्र आता नाही. शेवटच्या पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंद ऑक्टोबर २००३ मध्ये झाली होती, वीस वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला ती रस्त्यावरून गेली. लोक हळहळले. डिकीत सामान आणि वर कॅरिअरवर गादी बांधून संसार हलवणारी गाडी होती ती. मीही हळहळलो, पण तिच्या मागच्या सीटची स्प्रिंग आठवली की हळहळ जरा कमी होते. टॅक्सीचा खरा उपयोग आजही 'शेअर'मध्ये आहे. सकाळी चर्चगेटहून नरिमन पॉइंटला जाणाऱ्या रांगेत उभं राहा. तिथं कुणी पत्ता विचारत नाही. भाडं ठरलेलं, वाट ठरलेली, उतरायच्या जागा ठरलेल्या.

*

आता आत्या.

चौलहून अलिबाग, अलिबागहून मांडवा आणि मांडव्याहून पाण्यातून मुंबई. ही वाट आमच्या घरात पिढ्यान् पिढ्यांची. रस्त्यानं पेण-पनवेल करत आलं तर शंभरेक किलोमीटर आणि मधल्या वाहतुकीचा भरवसा नाही. पाण्यातून तासाभराचं काम. गेट वे ऑफ इंडियाला येणाऱ्या कॅटमरान आहेत. त्यांच्या तिकिटातच अलिबाग ते मांडवा बस असते. पावसाळ्यात मे अखेरीपासून त्या बंद होतात, साधारण सप्टेंबरात सुरू होतात. आत्याला गेट वे नको असतं. "तिथं उतरलं की सगळे फोटो काढत उभे असतात, वाट कोण देतंय?" तिला भाऊचा धक्का हवा. मार्च २०२० मध्ये मांडवा ते भाऊचा धक्का अशी रो-रो बोट सुरू झाली, तिच्या पोटात मोटारी आणि वरच्या मजल्यांवर माणसं. आत्याजवळ मोटार नाही. ती पिशवीत पांढरे कांदे, वाल आणि सुकट घेऊन ऐटीत वरच्या मजल्यावर बसते.

भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. एकोणिसाव्या शतकात त्यांनी हा धक्का बांधला आणि लोकांनी त्यावर त्यांचं लाडकं नाव ठेवलं. याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. दिव्यांची अवस होती. सणाला घरी निघालेली, बाजारहाट केलेली माणसं. आत्याचा जन्म नंतरचा, पण तिची आजी अवसेला बोटीत पाऊल टाकत नसे आणि घरातल्या कुणाला टाकू देत नसे. आत्या ते पाळत नाही. तरी बोट खडकाच्या बाजूनं जाताना ती बोलायची थांबते, हे मी दोनदा पाहिलंय.

धक्क्यावर उतरलेल्याला पूर्वी व्हीटी किंवा मशीद बंदर गाठावं लागे. जवळचं स्टेशन डॉकयार्ड रोड, पण ते हार्बरवर; म्हणजे घाटकोपरसाठी कुर्ल्याला बदलणं आलं. २०१३ मध्ये पूर्व मुक्त मार्ग सुरू झाला आणि हे गणितच बदललं. पी. डिमेलो रस्त्यावरून वर चढायचं, गोदीच्या गोदामांवरून, शिवडीच्या खाडीकडेनं, मध्ये कुठं सिग्नल नाही, आणि थेट चेंबूर-घाटकोपरच्या अंगाला उतरायचं. आत्या धक्क्यावर टॅक्सीत बसली आणि मामा अजून व्हीटीला 'एस'चा अर्थ लावत असताना ती आमच्या दारात चपला काढत होती. मोटार वाटेत एकदाही थांबली नाही म्हणून तिला जरा चुकल्यासारखं वाटत होतं. "मुंबई दिसलीच नाही की रे," म्हणाली.

बेस्टची बस हवी होती तिला. तिच्या लहानपणीची मुंबई म्हणजे दुमजली बसचा वरचा मजला, पुढची सीट. त्या जुन्या लाल दुमजली गाड्या १९३७ पासून होत्या आणि सप्टेंबर २०२३ मध्ये शेवटची गेली. आता विजेवरच्या, थंडगार, काचा बंद असलेल्या दुमजली आल्यात. चांगल्या आहेत, पण काच बंद म्हटल्यावर फांदीचा मार चुकवायची मजा गेली. बेस्टबद्दल माझं मत जरा तिखट आहे. जुलै १९२६ मध्ये अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली तेव्हापासून या शहरात मधली वाट बेस्टनं सांभाळली. स्टेशनपासून घर, घरापासून शाळा, इस्पितळ, बाजार. रेल्वे उभी धावते. आडवं जायचं ते बसनं. एकेकाळी तिच्याकडं ४,००० हून जास्त गाड्या होत्या. आज त्याहून फार कमी आहेत आणि त्यातल्या बहुतेक कंत्राटदारांच्या. २०१९ मध्ये किमान भाडं पाच रुपयांवर आणलं तेव्हा रांगा वाढल्या, म्हणजे लोकांना बस हवीच होती. मे २०२५ मध्ये ते दुप्पट झालं, साध्या गाडीला दहा आणि थंड गाडीला बारा. दहा रुपयेही जास्त नाहीत. पण अर्धा तास थांबून आलेल्या बसला दहा रुपये देताना माणूस ते स्वतःच्या वेळेसकट मोजतो. पूल, बोगदे, सागरी सेतू यांच्या उद्घाटनाला फीत असते. वेळेवर आलेल्या बसला फीत लावता येत नाही.

*

भाच्याचं विमान.

मुंबईचं तिकीट काढलं, मुंबईला उतरलो, असं तो म्हणत होता. तो उतरला होता उलव्याला. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला प्रवाशांसाठी उघडला, त्यानंतर काही आठवड्यांतच याचा प्रवास. तिकीट स्वस्त दिसलं, शहराच्या नावात 'मुंबई' दिसलं, पोरानं बटण दाबलं. सहारच्या जुन्या विमानतळावर उतरला असता तर अंधेरी-कुर्ला रस्त्यावरून रडतखडत का होईना, किंवा भुयारी मेट्रोनं मरोळ नाका आणि तिथून वरच्या मेट्रोनं घाटकोपर, असा सरळ आला असता. आता वाशी, मानखुर्द करत मोटारीतून आला. विमानाला लागला त्याच्या जवळपास वेळ मोटारीत गेला असेल. त्याला मी फार बोललो नाही. शहरात दोन विमानतळ असणं ही मोठ्या शहराची खूण आहे म्हणतात. पोरांना आता तिकीट काढतानाच उतरायचं ठिकाण बघायची सवय लागेल.

मरोळ नाक्याचं मात्र सांगायलाच हवं, कारण लेखाच्या निमित्तानं मी तिथं मुद्दाम जाऊन उभा राहिलो. घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा ही मुंबईची पहिली मेट्रो, जून २०१४ ची, खांबांवरून जाणारी. आणि आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो-३, टप्प्याटप्प्यानं उघडत ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झालेली. काळबादेवी, गिरगाव, वरळी, सिद्धिविनायक. जिथं लोकल कधी गेलीच नाही तिथं ती जाते. पूर्ण प्रवासाला ७० रुपये. गाडी देखणी, स्टेशनं इतकी खोल की वर येईपर्यंत मनातलं गाणं संपतं. या दोन्ही मार्गांवर मरोळ नाका आहे. नाव एक, चालवणाऱ्या संस्था दोन. एक स्टेशन डोक्यावर, एक पायाखाली. तिथं उभं राहिलं की सरकत्या जिन्यावरून वर आलेले लोक थोडा वेळ कावरेबावरे होताना दिसतात. पाटी आहे. पण पाटी वाचायला थांबलं की मागचा धडकतो.

त्याच ऑक्टोबरात 'मुंबई वन' नावाचं ॲपही आलं, अकरा वाहतूक संस्थांची तिकिटं एका फोनमध्ये. अकरा! ती संख्या ऐकूनच मला या शहराचा आजार उमगला. प्रत्येक संस्थेचं आपापलं वाहन उत्तम आहे आणि प्रत्येकीची जबाबदारी आपल्या फाटकापाशी संपते. दोन फाटकांच्या मधली जी जागा, पूल, जिना, खड्ड्यांचा पदपथ, भाजीवाल्यांच्या टोपल्यांमधली वीतभर वाट, तिची मालकी कुणाकडंच नाही. प्रवासी ती आपल्या पायांनी जोडतो. मोनोरेल हे याचं टोकाचं उदाहरण. २०१४ मध्ये चेंबूर-वडाळा सुरू झाली, २०१९ मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत गेली. पण तिची बरीचशी स्टेशनं अशा ठिकाणी की उतरून पुढं काय, याचं उत्तर सापडत नव्हतं. लोक फारसे चढलेच नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये ती सुधारणांसाठी बंद केली.

आणि त्या मधल्या जागेची किंमत शहरानं मोजलेली आहे. २९ सप्टेंबर २०१७, सकाळची वेळ, अचानक पाऊस. तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलाच्या अरुंद जिन्यावर खालचे वर येत होते आणि वरचे पावसामुळे खाली उतरत नव्हते. २३ माणसं चेंगरून गेली. त्यातलं कुणी गाडीतून पडलं नव्हतं, गाडी कुठं घसरली नव्हती. सगळे सुखरूप उतरलेले होते. एका बाजूला पश्चिम रेल्वेचं एल्फिन्स्टन, दुसऱ्या बाजूला मध्य रेल्वेचं परळ, आणि मध्ये तो पूल. नंतर लष्करानं तिथं नवा पूल बांधला, २०१८ मध्ये स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. शेजारचा शंभरी ओलांडलेला मोटारींचा पूलही सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद केला. दादरला डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही रेल्वेंचे प्लॅटफॉर्म सलग मोजायला घेतले, पश्चिमेचे एक ते सात, मध्यचे आठ ते चौदा. त्याआधी दादरला एक नंबर दोन होते. इतकी वर्षं एकमेकांना 'एक नंबरवर भेटू' सांगून लोक दोन वेगळ्या ठिकाणी उभे राहत होते. हा बदल फक्त रंगाच्या डब्यात झाला. काँक्रीट लागलं नाही. गेल्या दहा वर्षांत प्रवाशाचा सगळ्यात स्वस्तात झालेला फायदा हाच असावा.

*

पंचाहत्तरी छान झाली. मामांनी भाषणात ठाण्याचा उल्लेख टाळला.

रविवारी आत्याला पोचवायला मी भाऊच्या धक्क्यावर गेलो. टॅक्सीनं, मुक्त मार्गावरून, तिच्यासारखाच. धक्क्यावर मासळीचा वास, बर्फाच्या गाड्या, कासवगतीनं वळणारे टेम्पो. रो-रोची फळी खाली आली, आधी माणसं उतरली, मग मोटारी. ही शिस्त लोकलला शिकवायला हवी, असं आत्या म्हणाली. रिकाम्या पिशवीत आईनं तिला चकल्या भरून दिल्या होत्या. फळीवर पाय ठेवता ठेवता ती वळली.

"तू परत कसा जाणार?"

"मी? इथलाच मी. डॉकयार्ड रोडवरून लोकल पकडतो."

रविवार होता. हार्बरला मेगाब्लॉक होता. हे मला स्टेशनवर पोचल्यावर कळलं. आदल्या दिवशी मी चार जणांना आपापल्या वाटा सांगत होतो, स्वतःची बघितली नव्हती. पुन्हा खाली आलो. टॅक्सीवाल्यांना घाटकोपर नको होतं. बसच्या थांब्यावर वीस मिनिटं काढली, मग भायखळ्यापर्यंत चालत गेलो आणि तिथून मुख्य मार्गाची गाडी धरली. तीही ब्लॉकमुळे भरलेली. दारात एक पाय, मागून खांद्याला बोट लागलं.

"कुर्ला?"

मी मान हलवून नाही म्हणतोय तोवर खिशात फोन वाजला. एक हात दांड्याला, दुसऱ्यानं कसाबसा कानाला लावला. पलीकडं वारा आणि बसचा हॉर्न.

"पोचले रे मी मांडव्याला," आत्या म्हणाली. "तू घरी पोचलास ना?"